बालपणीचा ल्युकेमिया बरा झालेल्या रुग्णातील कर्णमूलीची गाठ

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या गणनेत, पाषाणगर्दभ नावाचा एक व्याधी येतो. हनुसंधीच्या जागी उठणारी, फारशी न दुखणारी, हातास घट्ट व स्थिर लागणारी सूज असे त्याचे स्वरूप असून तेथे कफ व वात यांचे प्राधान्य मानले आहे. आपण बहुतेक सर्वजण हा शब्द ‘गालगुंड’ या अर्थी शिकलो, तसाच वापरतो आणि दशांग लेप, स्वेदन, कांचनार गुग्गुळ अशी चिकित्सा योजतो. बालकाच्या ज्वरयुक्त गालगुंडात यातून काही बिघडत नाही. तो व्याधी बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप शमतो. परंतु ‘अल्परुज’ आणि ‘स्थिर’ ही दोन लक्षणे ज्या दुसऱ्या एका व्याधीस तितकीच, किंबहुना अधिक नेमकेपणाने लागू पडतात, तो व्याधी म्हणजे लाळग्रंथीचा कर्करोग होय. तो विरळ आहे. तथापि एका विशिष्ट वर्गाच्या रुग्णांत तो इतरांच्या मानाने पुष्कळ अधिक आढळतो, आणि हा वर्ग परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या दारी येण्याचा संभव इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा जास्त आहे. बालपणी ल्युकेमिया होऊन बरे झालेले, आता तारुण्यात किंवा प्रौढ वयात असलेले स्त्री-पुरुष हा तो वर्ग. प्रस्तुत लेखात त्यांच्यासंबंधी विवेचन करावयाचे आहे.

प्रारंभीच शब्दांसंबंधी एक सूचना. ल्युकेमियास आपल्याकडे सर्रास ‘रक्तार्बुद’ म्हटले जाते. सुश्रुताचा रक्तार्बुद हा मांसांकुरांनी व्यापलेला, स्रवणारा पिंड आहे. ल्युकेमियात असा पिंड नसतो, तर अस्थिमज्जेत अपक्व श्वेतपेशींची बेसुमार वाढ होते. नावाच्या साम्यामुळे ग्रंथोक्त साध्यासाध्यता या रोगास चिकटवली जाते, हे योग्य नव्हे. म्हणून येथे ल्युकेमिया हाच रूढ शब्द वापरला आहे.

परळच्या इतिहासाशी या रोगाचे नाते जुने आहे. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियानेच निधन झाले. पुढे टाटा विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. त्याच वर्षी वरळीस पोदार आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले, हा एक योगायोग. रुग्णालय उघडले त्या काळी लहान मुलाचा तीव्र ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे आयुष्य, एवढाच अर्थ होता. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा रोग तात्पुरता हटवून दाखवला. हे औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे सूत्रधार यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपले आंध्रचे होते.

औषधांनी रोग हटे, परंतु पुन्हा उलटे. आणि पुष्कळदा तो मस्तिष्कावरणातून उलटे. रक्तातून दिलेली औषधे मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेशी पोहोचत नाहीत, म्हणून काही रोगपेशी तेथे दडून राहत. यावर अमेरिकेतील मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला. कवटीस बाहेरून किरणोत्सर्ग द्यावयाचा आणि पाठीच्या कण्यातून औषध सोडावयाचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या रीतीने सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहू लागली. तेव्हाची किरणमात्रा २४ ग्रे होती. पुढे ती १८ ग्रेपर्यंत उतरली. आपल्याकडे टाटा रुग्णालयात १९८६ पासून एमसीपी-८४१ या नावाचा उपचारक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने बसवलेला हाच क्रम चेन्नई आणि दिल्ली येथेही राबवला गेला. त्यातही कवटीचा किरणोत्सर्ग होता. या क्रमाने बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वाढले. त्या पहिल्या वर्षांत जे मूल पाच वर्षांचे होते, ते आता पंचेचाळिशीच्या घरात आहे. त्याला संसार आहे, नोकरी आहे, कदाचित मधुमेहही आहे. आणि सांधेदुखीसाठी, आम्लपित्तासाठी, केस गळतात म्हणून ते आपल्याकडे येते.

किरणोत्सर्गाने त्याचा जीव वाचविण्यास हातभार लावला, हे पुढील सर्व वाचताना विसरू नये.

आता किरणांचा आणि लाळग्रंथीचा संबंध पाहू. कवटीच्या किरणोत्सर्गात उजव्या व डाव्या अशा दोन बाजूंनी समोरासमोर झोत सोडतात. मस्तिष्कावरणाचा कोणताही कोपरा सुटू नये म्हणून झोताची खालची कड मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या आसपास ठेवली जाते. कानाच्या पुढे व खाली, हनूच्या कोनाशी असणारी अनुकर्ण लाळग्रंथी, म्हणजेच आपली कर्णमूल ग्रंथी, या कडेच्या अगदी वाटेत आहे. तिचा काही भाग झोतात येतोच. टाळूतील बारीक लाळग्रंथीही झोताच्या सीमेवर असल्याने त्यांनाही थोडीफार मात्रा मिळते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी ज्यांना सर्वांगास किरणोत्सर्ग दिला गेला, त्यांच्या बाबतीत तर एकही लाळग्रंथी वगळली गेलेली नसते.

लाळग्रंथीच्या पेशींची गंमत अशी की किरणांनी त्यांतील स्रावी पेशी लवकर मरतात, त्यामुळे मुखशोष होतो. पण ग्रंथीच्या नलिकांतील काही पेशी मरत नाहीत, त्यांच्या गुणसूत्रांत मात्र खोट राहून जाते. वाढत्या वयाच्या बालकात अशा पेशी पुढे अनेक वेळा विभागतात आणि पंधरा, वीस, पंचवीस वर्षांनी त्यांतून एखादी गाठ उभी राहू शकते. आपल्यातील काहींना येथे दूषीविषाची आठवण होईल. शरीरात लीन होऊन राहणारे, काळ आणि निमित्त मिळताच प्रकट होणारे असे ते विष. समजून घेण्यासाठी उपमा सुंदर आहे. परंतु ती उपमाच आहे. गुणसूत्रातील खोट विरेचनाने निघत नाही, आणि ‘पूर्वीच्या किरणांचे विष काढतो’ असे सांगून बऱ्या झालेल्या रुग्णास वर्षानुवर्षे शोधन देणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.

तसेच अध्यर्बुद आणि द्विरर्बुद या संज्ञांचेही. पूर्वीच्या अर्बुदाच्या जागी नव्याने होणारे ते अध्यर्बुद आणि जोडीने किंवा एकामागून एक होणारे ते द्विरर्बुद. अलीकडच्या लेखनात या संज्ञा कर्करोगाच्या प्रसरणासाठी योजतात. येथे जो व्याधी आहे तो प्रसरण नव्हे आणि जुना रोग उलटणेही नव्हे. ल्युकेमिया गेला तो गेला. हा वेगळ्या ऊतीतील, वेगळ्या जातीचा, नव्याने जन्मलेला रोग आहे. म्हणूनच त्याची साध्यासाध्यता पहिल्या रोगावरून ठरवता येत नाही. ‘कर्करोग पुन्हा आला’ हे वाक्य ऐकताच कुटुंबाचे अवसान गळते आणि काही जण पुढील तपासणीच नाकारतात. वैद्याने हा भेद रुग्णास पहिल्याच भेटीत सांगितला, तर तो तपासणीस तयार होण्याची शक्यता वाढते.

धोका नेमका किती, हा प्रश्न रुग्ण विचारणारच. अमेरिका व कॅनडा येथे १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या बालकर्करोगांतून वाचलेल्या व्यक्तींचा एक मोठा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यातील १४,१३५ व्यक्तींत लाळग्रंथीच्या कर्करोगाचे २३ रुग्ण आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. यांत ल्युकेमियाबरोबरच बालपणीच्या इतर कर्करोगांतून वाचलेलेही धरलेले आहेत. सर्वसाधारण लोकसंख्येत अपेक्षित प्रमाणाशी तुलना करता हे प्रमाण सुमारे ३९ पट होते. जितकी मात्रा अधिक तितका धोका अधिक, असा सरळ चढता संबंध दिसला. आणि वीस वर्षांनंतरही धोका ओसरलेला नव्हता. पूर्वी घेतलेल्या औषधांच्या मात्रेशी, धूम्रपानाशी किंवा मद्यपानाशी मात्र असा चढता संबंध आढळला नाही.

३९ पट हा आकडा रुग्णासमोर नुसता टाकणे क्रूरपणाचे आहे. मुळात हा रोग इतका विरळ आहे की त्याच्या ३९ पटीनेही संख्या लहानच राहते. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा सांगावा. एक लाख व्यक्ती-वर्षांमागे जास्तीचे रुग्ण सुमारे दहा. म्हणजे अशा एक हजार व्यक्तींकडे दहा वर्षे लक्ष ठेवले, तर त्यांत जास्तीचा साधारण एक रुग्ण मिळेल. उरलेल्या नऊशे नव्याण्णव जणांची झोप उडविण्याचे कारण नाही. कवटीच्या किरणोत्सर्गानंतर मेंदूच्या आवरणाच्या गाठी आणि थायरॉईडचे विकार हेही संभवतात. लाळग्रंथी हा त्या मोठ्या यादीतील एक विषय आहे. तो येथे निवडला, कारण ही गाठ हाताला लागते. मेंदूतील गाठ वैद्याच्या बोटांना कळत नाही, कर्णमूलीची कळते.

किरण आणि लाळग्रंथी यांच्या नात्याचा पुरावा केवळ याच अभ्यासाचा नाही. हिरोशिमा आणि नागासाकी येथील बॉम्बमधून वाचलेल्यांत लाळग्रंथीच्या गाठी मात्रेच्या प्रमाणात वाढलेल्या आढळल्या, आणि त्यांतही म्युकोएपिडर्मॉइड जातीचा कर्करोग ठळक होता. इस्रायलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास हजारो मुलांच्या डोक्यावरील नायट्यासाठी, होय, केवळ नायट्यासाठी, किरणोत्सर्ग दिला गेला होता. त्यांच्यातही पुढे लाळग्रंथीच्या गाठी अधिक दिसल्या. बालकर्करोगातून वाचलेल्यांतही म्युकोएपिडर्मॉइड हीच जात सर्वाधिक आढळते. यात एक समाधानाची बाजू आहे. या जातीचे सौम्य प्रकार वेळीच संपूर्ण काढून टाकले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. उशीर झाला, ग्रंथीतून जाणारी चेहऱ्याची चेता ग्रासली गेली किंवा मानेतील रसग्रंथींत रोग उतरला, की तीच शस्त्रक्रिया मोठी होते आणि चेहरा वाकडा राहण्याची किंमत मोजावी लागते.

हा उशीर कोठे होतो? लालबागच्या एखाद्या चिकित्सालयात सायंकाळच्या गर्दीत आलेली सत्तावीस वर्षांची विवाहित स्त्री डोळ्यांपुढे आणावी. सोबत सासूबाई आहेत. डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ, चार महिन्यांपासूनची. दुखत नाही, ताप नाही, भूक उत्तम. वैद्य दर्शन आणि स्पर्शन करतो, ग्रंथी किंवा पाषाणगर्दभ असे निदान करतो, गुग्गुळ व लेप देतो. महिन्याने गाठ ‘जरा मऊ वाटते’ असे रुग्णच सांगते, कारण तिलाही तसे वाटावयास हवे असते. आणखी दोन महिने जातात. किंवा दुसऱ्या गल्लीतील डॉक्टर हीच गाठ क्षयाची मानून, सुईची तपासणी न करताच, क्षयरोगाची औषधे सुरू करतो; चाळींच्या या भागात गंडमाला इतकी परिचित आहे की कोणाच्याही मनात तीच प्रथम येते. या दोघांपैकी कोणीही हलगर्जी नव्हता. दोघांनीही एक प्रश्न विचारला नव्हता, इतकेच. आणि विचारला असता तरी सासूबाईंसमोर त्याचे उत्तर खरे मिळाले नसते.

कारण बालपणीचा कर्करोग आपल्या समाजात लपविला जातो. मुलीच्या बाबतीत तर लग्न ठरेपर्यंत व त्यानंतरही. काही वेळा आईवडिलांनी मुलालाच सांगितलेले नसते; त्याला इतकेच आठवते की लहानपणी फार ताप येत असे, पाठीत सुया टोचत, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बरेच महिने राहिलो होतो. बाहेरगावाहून उपचारांसाठी आलेल्या कुटुंबांपैकी कित्येक मुंबईतच स्थायिक झाली, त्यांची मुले येथेच वाढली.

म्हणून प्रश्न रोगाच्या नावाने विचारू नये. ‘कर्करोग झाला होता का’ असे विचारताच ‘नाही’ हे उत्तर तयार असते. लहानपणी टाटाला किंवा वाडियाला जावे लागले होते का, पाठीतून इंजेक्शने दिली होती का, डोक्याला शेक किंवा लाईट दिला होता का, अशा आठवणींच्या भाषेत विचारावे. ‘शेक’ या शब्दाने आपण स्वेदन समजतो, रुग्णाचे कुटुंब किरणोत्सर्ग समजते. हा घोटाळा ध्यानी ठेवावा. केस पूर्ण गेले होते का, हा प्रश्न उपयुक्त खरा, पण औषधांनीही केस जातात, त्यामुळे तेवढ्यावरून किरणोत्सर्ग झाला असे ठरत नाही. शक्य असेल तेथे रुग्णास एकट्यास तपासावे आणि मिळालेली माहिती रुग्णाच्या अनुमतीविना घरच्यांपैकी कोणासही, पतीसही, सांगू नये. रुग्ण आपल्याला पुढल्या खेपेस खरे सांगेल की नाही, हे यावरच ठरते.

परीक्षणासंबंधी थोडे. दोन्ही बाजू एकाच वेळी, समोर बसून, बोटांच्या पेरांनी तपासाव्यात. कानाची पाळी गाठीमुळे वर उचललेली दिसते का ते पाहावे. नंतर विजेरीच्या उजेडात टाळू पाहावा. मध्यरेषेच्या बाजूस असलेला, न दुखणारा फुगवटा ‘तोंड आले’ म्हणून सोडून देऊ नये, कारण टाळूतील बारीक लाळग्रंथींच्या गाठींत दुष्ट गाठींचे प्रमाण कर्णमूलीपेक्षा पुष्कळ अधिक असते. जबड्याखालची ग्रंथी तपासताना एक बोट तोंडात व दुसरा हात बाहेर ठेवावा. जेवताना फुगणारी आणि नंतर उतरणारी सूज बहुधा नलिकेतील अश्मरीची असते. ताप असलेल्या बालकात दोन्ही बाजूंची, दुखरी सूज बहुधा गालगुंडाची. चरकाचार्यांनी सन्निपात ज्वराच्या अखेरीस सांगितलेला दारुण कर्णमूल शोथ हा अतिक्षीण, जलक्षय झालेल्या ज्वररुग्णाचा आहे; त्याचे चित्रच वेगळे. या तिन्हींत बसत नाही अशी, एकाच बाजूची, न दुखणारी, तीन आठवड्यांत न ओसरलेली गाठ आणि जोडीला बालपणीच्या किरणोत्सर्गाचा इतिहास, असा संयोग दिसला की औषधाची पुडी बांधू नये.

कर्णमूल ग्रंथीतील सुमारे ऐंशी टक्के गाठी सौम्यच असतात, हे वाक्य सर्वसामान्य रुग्णांविषयी खरे आहे. किरणोत्सर्ग झालेल्या रुग्णात या टक्केवारीवर विसंबून थांबू नये.

अर्दिताविषयी विशेष सांगावयास हवे. चेहरा एका बाजूस लुळा पडलेला रुग्ण आपल्याकडे मोठ्या विश्वासाने येतो, आणि नस्य, शिरोबस्ती, स्नेहन यांनी पुष्कळांना गुणही येतो. पण अर्दिताच्या प्रत्येक रुग्णात कर्णमूल हाताने चाचपावे. सौम्य गाठीने चेहऱ्याची चेता सहसा लुळी पडत नाही. गाठ आणि अर्दित एकत्र आढळल्यास ती गाठ दुष्टच समजून त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे धाडावे. तेथे एकवीस दिवसांच्या नस्याचा क्रम पूर्ण करण्याचा आग्रह धरणे हा अपराध ठरेल.

आणि या गाठीवर काय करू नये, तेही स्पष्ट असावे. जळू लावू नये, अग्निकर्म व क्षारकर्म करू नये, पिकविण्यासाठी उपनाह बांधू नये, छेद घेऊन तुकडा काढू नये. ग्रंथीच्या मधूनच चेहऱ्याची चेता शाखा पसरीत जाते, आणि कवच फुटलेल्या गाठीच्या पेशी आसपास सांडल्या तर पुढे ती पुन्हा पुन्हा उद्भवते. प्रथम ध्वनिलहरींची तपासणी आणि बारीक सुईने पेशी काढून त्यांचे परीक्षण, आवश्यक तेथे एमआरआय, असा सर्वमान्य क्रम आहे. सुईच्या तपासणीची एक मर्यादा ठाऊक असावी. सौम्य म्युकोएपिडर्मॉइड गाठीत पुष्कळदा श्लेष्मल द्रव भरलेला असतो आणि सुईत तेवढाच येतो. अहवालात ‘पुटी, दुष्ट पेशी नाहीत’ असे लिहिले जाते. असा अहवाल घेऊन आनंदाने परत आलेल्या रुग्णास, किरणोत्सर्गाचा इतिहास असल्यास, पुन्हा तज्ज्ञाकडे पाठवण्याचे धैर्य वैद्याने दाखवावे.

आपले काम तेथे संपते असे मात्र नाही. किरणोत्सर्गानंतर कायम राहणारा मुखशोष, वारंवार किडणारे दात, अन्नाची चव न लागणे हे बोधक कफाच्या क्षयाचे चित्र आहे. तेथे स्निग्ध गंडूष आणि आहाराची योजना यांनी रुग्णास सुख देता येते; दंतवैद्याकडील नियमित तपासणी त्याच्या जोडीला हवीच. मशेरी, मावा, गुटखा यांचा लाळग्रंथीच्या या कर्करोगाशी थेट संबंध दाखवलेला नसला, तरी मुखाच्या इतर कर्करोगांसाठी ते पूर्णतः सोडवावेत. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाच्या हातात तंबाखूची पुडी पाहिली की मन विषण्ण होते, परंतु रागावून उपयोग होत नाही.

मुलांच्या पुढच्या पिढीसाठी चित्र बदलले आहे. मेम्फिसच्याच केंद्राने २००९ साली दाखवून दिले की औषधयोजना नेटकी असेल तर कवटीचा प्रतिबंधक किरणोत्सर्ग पूर्णपणे वगळूनही तेवढेच, किंबहुना अधिक चांगले यश मिळते. तेव्हापासून जगभर ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांना तो टाळण्याकडे कल आहे. म्हणजे आपल्याला सावध राहावयाचे आहे ते मुख्यतः त्यापूर्वी उपचार झालेल्यांविषयी.

अशांसाठी परळलाच सोय आहे आणि आपल्या रुग्णांना ती बहुधा ठाऊक नसते. टाटा रुग्णालयात १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट’ नावाचे स्वतंत्र बाह्यरुग्ण केंद्र सुरू झाले. रोग उलटला का एवढेच पाहून न थांबता उपचारांचे उशिरा उमटणारे परिणाम तपासणे हा त्याचा उद्देश. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ मध्ये अशा बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गटही उभा राहिला. मोठेपणी अनेकांची ये-जा थांबते. नोकरी, बदली, लग्न, आणि ‘आता कशाला ती पायरी चढायची’ ही भावना. त्यांना पुन्हा त्या पायरीपर्यंत नेणे शेजारच्या वैद्याला सहज जमते, कारण त्याच्यावर विश्वास असतो.

रुग्णास धाडताना चिठ्ठीत ‘गाठीसाठी तपासावे’ एवढेच लिहू नये. गाठ कोणत्या बाजूस, किती दिवसांची, आकार, चेहऱ्याची हालचाल कशी आहे, मानेत आणखी गाठी लागतात का. बालपणी कोणता रोग, कोणत्या वर्षी, कोठे उपचार, डोक्यास किंवा सर्वांगास किरणोत्सर्ग झाला होता का. आणि घरी जुनी फाईल सापडल्यास तिच्यावरील केस क्रमांक. आपण कोणती औषधे किती दिवस दिली, तेही प्रामाणिकपणे लिहावे. पंधरा दिवसांनी रुग्णास दूरध्वनी करून तो तेथे पोहोचला की नाही, याची चौकशी करावी. आणि पोहोचला नसेल तर का नाही, ते न रागावता विचारावे.